कापड उत्तम, बिबट्या चुकीचा: संकटग्रस्त प्राण्यांवर बेतलेल्या सेंद्रिय सुती कपड्यांचे परीक्षण

ग्रेव्हीच्या झेब्र्याच्या पोटावर पट्टे नसतात. पाठीवरून निघालेले अरुंद, दाट पट्टे बरगड्यांवरून खाली उतरतात आणि पोटाशी येऊन थांबतात. पोट स्वच्छ पांढरे राहते, कण्यावरून मात्र एक जाड काळी पट्टी शेपटीपर्यंत जाते आणि मागच्या बाजूला तिच्या दोन्ही अंगांना पांढरी जागा सुटलेली असते. चित्रांत, खेळण्यांत आणि पडद्यांच्या कापडांवर आपण पाहतो तो बहुधा मैदानी झेब्रा असतो, ज्याचे रुंद पट्टे पोटाला वेढा घालतात. त्यामुळे पुरुषांसाठी घरात घालायच्या सेंद्रिय सुती कपड्यांच्या एका मालिकेतील अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट उलगडल्यावर त्याच्या पुढच्या भागाचा खालचा हिस्सा कोरा दिसला, तेव्हा छपाई अपुरी राहिल्याची शंका आली नाही, उलट समाधान वाटले. ही नक्षी काढणाऱ्याने प्राणी नीट पाहिला होता.

मी घेतलेल्या संचात चार कपडे आहेत: झेब्र्याचा हा टी-शर्ट, आफ्रिकी रानकुत्र्याच्या रंगांची पूर्ण लांबीची सैल पँट, अमूर बिबट्याच्या ठिपक्यांची शॉर्ट्स आणि खवले मांजरावर बेतलेला, लांब बाह्यांचा, गळ्याशी तीन बटणे असलेला हेन्ली. हिमबिबट्याचा एक झगाही याच मालिकेत मिळतो, तो मी घेतलेला नाही. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण प्राण्यांच्या नावाने असे कपडे काढणारे आता पुष्कळ आहेत आणि मी ज्या गोष्टी तपासल्या त्या त्यांच्यापैकी कोणाच्याही मालाला लावून पाहता येतील. अशा कपड्यावर दोन दावे एकाच वेळी केलेले असतात, एक कापसाविषयी आणि दुसरा प्राण्याविषयी. घेणारा बहुतेकदा प्राण्यावर लुब्ध होतो आणि कापसाचे जे काही लिहिले आहे ते खरेच धरून चालतो. टी-शर्टाने झेब्रा आधी दाखवला असला, तरी परीक्षणाची सुरुवात कापसापासूनच करणे योग्य ठरेल.

कापसाचा दावा लेबलवर असतो आणि तो बारकाईने वाचावा लागतो. टी-शर्ट, पँट आणि हेन्ली या तिघांच्या आतल्या शिवणीत ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्डचे, म्हणजे गॉट्सचे, लेबल आहे. चिन्हाखाली प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे नाव आणि परवाना क्रमांक छापलेला आहे, आणि तो क्रमांक गॉट्सच्या सर्वांना खुल्या असलेल्या नोंदींत शोधता येतो. ज्या लेबलवर नुसते चिन्ह असते आणि क्रमांक नसतो, त्याच्यावर विश्वास ठेवण्याचे काही कारण नाही. या मानकात दोन श्रेणी आहेत. किमान ९५ टक्के तंतू प्रमाणित सेंद्रिय असतील तरच कपड्याला सरळ ‘सेंद्रिय’ म्हणता येते, आणि किमान ७० टक्के असतील तर ‘सेंद्रिय तंतू वापरून केलेले’ असे लिहावे लागते. शिवाय तंतूच्या पुढचे टप्पेही या मानकात येतात: रंग आणि छपाईची रसायने, कारखान्यातले सांडपाणी, कामगारांची स्थिती. छपाईत पीव्हीसी या प्लास्टिकच्या वापरालाही त्यात मनाई आहे.

शॉर्ट्सच्या लेबलवर मात्र वेगळे चिन्ह आहे, ते ऑरगॅनिक कंटेंट स्टँडर्डचे. टेक्स्टाइल एक्स्चेंज या संस्थेचे हे मानक शेतापासून तयार कपड्यापर्यंत सेंद्रिय तंतूचा माग ठेवते आणि तेथेच थांबते. रंग कोणता वापरला, सांडपाणी कोठे सोडले, शिवणाऱ्यांना काय मिळाले याबद्दल ते काहीही सांगत नाही. हे मानक खोटे नाही, अपुरे आहे, आणि कंपनीने चारही कपड्यांना अडकवलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर एकच हिरवे पान छापून हा फरक पुसून टाकला आहे. ग्राहकाला फसवायचे नसले, तरी त्याला कळू द्यायचेही नसावे, असा तो प्रकार वाटतो. ओको-टेक्सच्या ‘स्टँडर्ड १००’ या लेबलविषयीही असाच गोंधळ नेहमी होतो. ते तयार कापडात अपायकारक द्रव्ये ठराविक मर्यादेच्या आत असल्याचे सांगते, पण कापूस सेंद्रिय असल्याची ग्वाही ते देत नाही.

कागदावर इतका भर का द्यायचा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कापडातच आहे. सेंद्रिय पद्धतीने पिकवलेल्या आणि नेहमीच्या पद्धतीने पिकवलेल्या कापसाचा तंतू एकच, सेल्युलोजचा. कच्च्या कापसात जनुकीय बदल केलेल्या वाणाचा अंश प्रयोगशाळेत शोधता येतो, पण कापूस धुऊन, विरंजन करून, रंगवून त्याचे कापड झाल्यावर ती तपासणी भरवशाची राहत नाही, आणि हाताच्या स्पर्शाला तर दोन्ही सारखेच. म्हणून प्रत्येक व्यवहाराचे प्रमाणपत्र हाच खरा पुरावा ठरतो आणि तो बनावट करता येतो. २०२० मध्ये गॉट्सनेच जाहीर केले की भारतातील सुमारे २०,००० टन कापूस बनावट प्रमाणपत्रांच्या आधारे सेंद्रिय म्हणून दाखवण्यात आला होता, आणि त्यात गुंतलेल्या कंपन्यांवर बंदी घातली. ही घटना वाचून सगळेच खोटे असते असा निष्कर्ष काढणारे असतात. माझा निष्कर्ष उलट आहे: जी व्यवस्था स्वतःच्या पोटातली लबाडी शोधून ती उघड करते, तिचा परवाना क्रमांक तपासण्यात अर्थ असतो.

याच चिठ्ठीवर आणखी एक वाक्य आहे, ‘९१ टक्के कमी पाणी’. हा आकडा या व्यवसायात वर्षानुवर्षे फिरतो आहे. २०१४ मध्ये टेक्स्टाइल एक्स्चेंजने प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासातून तो आला आहे. सेंद्रिय कापसाचे जे प्रदेश त्यात पाहिले गेले तेथे शेती बरीचशी पावसाच्या पाण्यावर होत होती आणि तुलना जागतिक सरासरीशी केली गेली होती, जिच्यात पाटाच्या पाण्यावरचा कापूस मोठ्या प्रमाणावर येतो. कापसाला किती पाणी द्यावे लागते हे मुख्यतः तो कोठे पिकतो यावर ठरते. खत शेणाचे की कारखान्यातले, याचा त्यात फारसा वाटा नाही. कोरडवाहू शेतात नेहमीचा कापूसही पाटाचे पाणी पीत नाही आणि वाळवंटाच्या कडेला सेंद्रिय कापसालाही कालवा लागतो. सेंद्रिय शेतीचे खरे म्हणणे साधे आहे: कृत्रिम कीटकनाशके नाहीत, कृत्रिम खते नाहीत, जनुकीय बदल केलेले बियाणे नाही आणि जमिनीला रूपांतराची काही वर्षे दिलेली आहेत. एवढे पुरेसे असताना टक्केवारी कशाला चिकटवली, हे मला समजत नाही.

पाण्याचा विषय आलाच आहे तर या मालिकेत नसलेल्या एका प्राण्याबद्दल लिहिले पाहिजे. अमूदर्या आणि सिरदर्या या मध्य आशियातील नद्यांच्या काठी बोरूची आणि पॉप्लरची दाट जंगले होती, त्यांना तुगाई म्हणतात. रानडुकरे आणि हरणे त्यांत राहत आणि त्यांच्यावर जगणारा कॅस्पियन वाघही राहत असे. ही जंगले शेतीसाठी तोडली गेली, आणि त्या शेतीत कापसाचा वाटा मोठा होता. शिकार तर चालूच होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा वाघ संपला. त्याच काळात, १९६० च्या दशकापासून, सोव्हिएत राजवटीने या दोन नद्यांचे पाणी कापसाकडे वळवले आणि जगातला चौथ्या क्रमांकाचा मोठा तलाव असलेला अरल समुद्र आटत गेला. म्हणजे कापूस या गोष्टीत साक्षीदार नाही, आरोपी आहे. ज्या कंपनीला सुती कपड्यावर संकटग्रस्त प्राणी छापायचा आहे, तिने हा एक प्राणी तरी मालिकेत घ्यायला हवा होता, कारण बाकीच्या प्राण्यांचा कापसाशी संबंध चित्रापुरता आहे आणि याचा मात्र थेट जगण्या-मरण्याचा होता.

आता कापडाकडे वळतो. चिठ्ठीवर ‘सेंद्रिय म्हणून अधिक मऊ’ असे लिहिले आहे, ते बरोबर नाही. मऊपणा तंतूच्या लांबीवर, पिंजल्यानंतर आखूड तंतू विंचरून काढले आहेत की नाहीत यावर, धाग्याला पीळ किती दिला यावर आणि शेवटी कापडावर कोणती प्रक्रिया केली यावर अवलंबून असतो. या टी-शर्टाचा मऊपणा खरा आहे, पण त्याचे श्रेय विंचरलेल्या धाग्याला आणि बहुधा एन्झाइमच्या धुलाईला द्यायला हवे. या धुलाईत सेल्युलेज नावाचे एन्झाइम कापडाच्या पृष्ठभागावरची सुटी लव खाऊन टाकते, त्यामुळे कापड गुळगुळीत होते आणि पुढे गोळेही कमी येतात. लव कमी झाली की कापड थोडे अशक्तही होते, पण घरात घालायच्या कपड्याला तेवढे चालून जाते. नव्या कपड्याचा मऊपणा कधी कधी सिलिकॉनच्या मुलाम्याचाही असतो, जो धुण्यागणिक उतरतो. येथे तसे झाले नाही. अनेकदा धुऊनही टी-शर्टाचा स्पर्श तसाच राहिला आहे, किंबहुना थोडा सुधारला आहे.

टी-शर्टाची अडचण वेगळीच निघाली आणि ती झेब्र्यानेच उघडी पाडली. हे कापड सिंगल जर्सी विणीचे आहे, म्हणजे एकेरी विणीचे. धाग्यात दिलेला पीळ सुटण्याचा प्रयत्न करतो आणि अशा विणीचे कापड धुतल्यावर हळूहळू तिरके वळते. साध्या एकरंगी टी-शर्टात हे सहसा लक्षात येत नाही, बाजूची शिवण थोडी पुढे सरकते इतकेच. पण पाठीच्या बरोबर मध्यावर जाड काळी पट्टी असेल तर लपवायला जागा उरत नाही. मानेखाली कण्यावर सुरू होणारी ती पट्टी आता कमरेशी येईपर्यंत स्पष्टपणे उजव्या कुशीकडे झुकलेली असते. दुहेरी पिळाचा धागा वापरून, किंवा कापड शिवण्याआधी नीट स्थिरावून घेऊन, हा दोष बराच कमी करता येतो. कंपनीने प्राण्याचा अभ्यास केला आणि विणीचा केला नाही, ही तक्रार मी मुद्दाम नोंदवतो, कारण मध्यरेषा दाखवणारी नक्षी निवडली की मध्यरेषा जागेवर ठेवण्याची जबाबदारीही येते.

ग्रेव्हीच्या झेब्र्याची निवड मात्र नेमकी आहे. उत्तर केनिया आणि इथिओपियाच्या कोरड्या गवताळ भागात आता तो जेमतेम तीन हजारांच्या आसपास उरला आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी ही संख्या सुमारे १५,००० होती. या घसरणीच्या सुरुवातीच्या कारणांपैकी एक म्हणजे त्याच्या कातडीला असलेली मागणी, जी कपडे आणि सजावट यांच्या बाजारातूनच आली होती. पुढे चराईची स्पर्धा आणि पाणवठ्यांवरचा ताण ही कारणे मोठी झाली. ज्याचे पट्टे अंगावर घेण्याच्या हौसेने त्याचा घात केला, त्याचेच पट्टे आता छापून अंगावर घ्यायचे, या गोष्टीत मला विसंगती वाटत नाही. हौस तीच राहिली, पण मरण टळले.

चौघांत सर्वांत जास्त वापरली गेली ती रानकुत्र्याची पँट. आफ्रिकी रानकुत्र्याच्या अंगावर काळे, पिवळसर तपकिरी आणि पांढरे डाग असतात, आणि कोणत्याही दोन कुत्र्यांचे डाग एकसारखे नसतात. संशोधक त्यांच्यावरूनच एकेका प्राण्याला ओळखतात. नक्षी सलग लांब कापडावर छापली आहे आणि तुकडे कोठून कापायचे याचे बंधन ठेवलेले नाही, त्यामुळे प्रत्येक पँटवर डागांची रचना वेगळी येते. माझ्या पँटच्या डाव्या मांडीवर एक मोठा पांढरा डाग आहे, उजव्या पायावर जवळजवळ सगळा काळा. शिवणकामात ज्याला एरवी नक्षी न जुळल्याचा दोष म्हणतील तो येथे विषयाला धरून आहे. हे कंपनीने ठरवून केले की कापडाची बचत करताना आपोआप झाले, याबद्दल ती काही सांगत नाही, पण परिणाम चांगला आहे.

कापड इंटरलॉक विणीचे, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे, आणि टी-शर्टापेक्षा वजनदार आहे. ते तिरके वळलेले नाही आणि पहिल्या धुण्यात लांबीला थोडे आटले तेवढेच. शिवण काळजीपूर्वक आहे. आसनाला ऐसपैस उंची दिली आहे आणि दोन्ही पाय जेथे मिळतात तेथे चौकोनी जोडतुकडा घातला आहे, त्यामुळे मांडी घालून बसले तरी चार शिवणी एकाच बिंदूवर येऊन टोचत नाहीत. पुरुषांच्या घरगुती पँटमध्ये हा एक तुकडा वाचवण्यासाठी कितीतरी उत्पादक आसन आखूड ठेवतात आणि ती पँट काही महिन्यांत त्याच जागी उसवते. कमरेचे इलॅस्टिक कापडाच्या नळीत पूर्ण झाकलेले आहे, ते उघडे राहून कातडीला लागत नाही. त्याच नळीतून नाडीही काढली आहे आणि ती मागच्या बाजूला एका टाक्याने पकडलेली असल्यामुळे धुण्यात निघून येत नाही. हा टाका घालायला काही क्षण लागत असतील, तरीही तो फार थोड्या कपड्यांत सापडतो. खिसे खोल आहेत, पण त्यांचे अस्तर फारच पातळ आहे. मोबाइल ठेवला की पँट एका बाजूला ओढली जाते.

रानकुत्र्याविषयीची चिठ्ठीही नीट लिहिलेली आहे. साधारण ६,६०० प्राणी उरले आहेत, त्यांच्या कळपांना फार विस्तीर्ण प्रदेश लागतो आणि गावातल्या कुत्र्यांकडून येणारे रेबीज व डिस्टेंपर हे रोग त्यांच्या जिवावर उठतात, हे तीन मुद्दे तिच्यात आहेत. ‘जंगलाचा राजा’ छापाचे एकही विशेषण नाही. सगळ्या चिठ्ठ्या याच माणसाने लिहिल्या असत्या तर पुढचा परिच्छेद लिहावा लागला नसता.

शॉर्ट्सवरचा बिबट्या बिबट्या नाही. लेबलवर, चिठ्ठीवर आणि कंपनीच्या वर्णनात तो अमूर बिबट्या आहे, पण कापडावर छापलेल्या ठिपक्यांच्या कड्यांच्या आत आणखी लहान ठिपके आहेत, आणि ही खूण जग्वारची. बिबट्याच्या कड्या आतून मोकळ्या असतात. अमूर बिबट्याच्या तर ठळक काठाच्या आणि एकमेकींपासून बऱ्याच अंतरावर असतात, आणि त्या फिकट, हिवाळ्यात जवळजवळ मलईच्या रंगाच्या केसांवर उठून दिसतात. येथे कड्या मोठ्या, दाटीवाटीच्या आणि पार्श्वभूमी भडक नारिंगी आहे. जग्वार अमेरिका खंडांतला आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या तांबड्या यादीत ‘संकटाच्या जवळ’ या श्रेणीत आहे. अमूर बिबट्या रशियाचा अतिपूर्व कोपरा आणि त्याला लागून असलेला चीनचा भाग एवढ्यात शंभर-सव्वाशेच्या घरात उरला आहे आणि ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. ज्याच्या नावावर वस्तू विकायची त्याच्याऐवजी दुसराच प्राणी छापणे ही किरकोळ चूक मानता येणार नाही. तयार नक्ष्यांच्या संग्रहातून ‘बिबट्या’ म्हणून जे हाताला लागले ते घेतले, असे दिसते.

बिबट्याच्या बाबतीत ही बेपर्वाई अधिक खटकते, कारण कपड्यांच्या इतिहासात त्याच्याइतका भरडला गेलेला प्राणी थोडाच सापडेल. १९६० च्या दशकात जॅकलीन केनेडी यांनी बिबट्याच्या कातडीचा कोट घातल्यानंतर पाश्चात्त्य बाजारात त्या कातड्यांची मागणी भडकली. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर अंकुश ठेवणारा साइट्स करार १९७३ मध्ये झाला आणि १९७५ मध्ये अमलात आला, तेव्हा त्या व्यापाराला आळा बसू लागला. आज बिबट्याचे ठिपके ही कापडावरची एक सर्वसामान्य नक्षी झाली आहे, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडासारखीच, आणि तिचा प्राण्याशी संबंध कोणाच्या मनातही येत नाही. तो संबंध पुन्हा जोडण्याचे वचन देणाऱ्या कपड्यावर तरी कड्या आतून मोकळ्या हव्या होत्या.

शॉर्ट्सची छपाईही बाकीच्यांसारखी नाही. टी-शर्ट आणि पँट यांच्यावर रिअॅक्टिव्ह रंग आहे, जो तंतूशी रासायनिक बंध करतो, म्हणून कापडाचा पोत बदलत नाही आणि रंगही बराच टिकतो. शॉर्ट्सवर पिगमेंट छपाई आहे, म्हणजे रंगाचे कण एका चिकट बंधकाने कापडाच्या वर बसवले आहेत. बोट फिरवले तर प्रत्येक ठिपक्याची कडा हाताला लागते. उकाड्यात मांड्यांना हे कापड चिकटते, आणि जेथे घडी पडते तेथे काळा रंग करडा होऊ लागला आहे. कापूस सेंद्रिय असून त्यावर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चढवला, तर सुती कपडा घालण्याचे मुख्य सुख, म्हणजे घाम टिपून घेणारे आणि हवा खेळू देणारे कापड, ग्राहकाला मिळतच नाही. या एका कपड्यावर गॉट्सचे चिन्ह का नसावे, याचे कारण येथे असण्याची शक्यता आहे. शॉर्ट्सचा कापूस सेंद्रिय आहे यावर माझा विश्वास आहे, तरीही मी ती कोणाला घ्यायला सांगणार नाही.

हेन्ली मात्र या मालिकेतला सर्वांत विचारपूर्वक केलेला कपडा आहे, आणि त्यावर छपाई अजिबात नाही. खवले मांजराचे खवले विणीतच उमटवले आहेत. काही टाके उचलून धरून विणल्यामुळे एकावर एक चढलेल्या, टोकाशी निमुळत्या होणाऱ्या खवल्यांची उठावदार रांग तयार होते, आणि बाहीवर तिची दिशा खांद्याकडून मनगटाकडे जाते, जशी प्राण्याच्या अंगावर डोक्याकडून शेपटीकडे जाते. खवले मांजर हा खरे खवले असलेला एकमेव सस्तन प्राणी. त्याचे खवले केराटिनचे असतात, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचे, आणि त्यात औषधी गुण असल्याच्या समजुतीमुळे त्याची जगभर चोरटी विक्री होते. त्याच्या आठही प्रजातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१६ च्या साइट्स परिषदेत बंद करण्याचे ठरले. चिठ्ठीवर हे वर्ष बरोबर आहे आणि प्रजातींची संख्याही.

या हेन्लीला रंग दिलेलाच नाही. त्याचा तपकिरी रंग कापसाचा स्वतःचा आहे. पांढरा नसलेला कापूस ही नवी गोष्ट नाही, पेरूच्या किनारपट्टीवर तपकिरी कापूस हजारो वर्षांपासून पिकवला जातो. मात्र अशा वाणांचे तंतू आखूड असल्यामुळे ते यंत्रावर कातता येत नसत. १९८० च्या दशकात अमेरिकेतील सॅली फॉक्स यांनी निवड पद्धतीने लांब तंतूचे रंगीत वाण तयार केले आणि हा कापूस गिरणीत चालू लागला. रंगाईचा टप्पाच गळाल्यामुळे तिचे पाणी आणि तिची रसायने दोन्ही वाचतात, आणि चिठ्ठीवरच्या ‘९१ टक्क्यां’पेक्षा मला हे कितीतरी सबळ वाटते. नैसर्गिक रंगाचा कापूस धुतल्यावर फिका होण्याऐवजी सुरुवातीला गडद होतो, हे ऐकून होतो. आता काखेतल्या शिवणीत दडलेला मूळ रंग आणि बाहेरचा रंग शेजारी ठेवून पाहिले की फरक दिसतो. बटणे प्लास्टिकची नाहीत, ताग्वा पामच्या बियांची आहेत. ही बी वाळल्यावर हस्तिदंतासारखी कठीण आणि पांढरट होते आणि पूर्वीही बटणांसाठी पुष्कळ वापरली जात असे. तीनही बटणांच्या रेषा वेगवेगळ्या आहेत.

दोष याही कपड्यात आहेत. उठावाच्या विणीत हवा अडकते, त्यामुळे तो दिसतो त्यापेक्षा उबदार आहे आणि उन्हाळ्यात उपयोगाचा नाही. तंतू अजूनही थोडे आखूड असल्यामुळे कोपरांवर आणि कुशीत बारीक गोळे आले आहेत. आणि उठाव असलेली वीण धुण्यात आक्रसते, म्हणून पहिल्या धुण्यानंतर मनगटाशी बाही तोकडी झाली. कंपनीने चारही कपड्यांना मापांचा एकच तक्ता लावला आहे, तो येथे चुकतो. नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठे घ्यावे.

धुण्याबद्दल थोडक्यात: चारही कपडे उलटे करून, गार पाण्यात धुवावेत आणि सावलीत वाळवावेत. हेन्ली दोरीवर टांगू नये, ओला असताना त्याच्या वजनाने खांदे ओघळतात. आणि ‘शेवटी मातीत पुरा, खत होईल’ हा चिठ्ठीवरचा सल्ला कोणी मनावर घेऊ नये. कापूस कुजेल, पण शिवणीचा दोरा हाताने तोडून पाहिला तर तो पॉलिएस्टरचा आहे आणि कमरेचे इलॅस्टिकही कुजणारे नाही.

प्रत्येक विक्रीतला ‘एक भाग’ वन्यजीव संरक्षणाला जातो, असे कंपनी म्हणते. किती भाग, विक्रीचा की नफ्याचा, कोणत्या संस्थेला आणि केव्हा, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर चिठ्ठीवर नाही, आणि मी लेखी विचारल्यावर आलेल्या उत्तरातही नव्हते, फक्त आभार होते. नफ्याचा भाग म्हटले आणि नफा झालाच नाही, तर देणगी शून्य होते आणि वाक्य तरीही खरे राहते. म्हणून देणगीच्या आशेने कपडा घेऊ नये. थेट एखाद्या संवर्धन संस्थेला पैसे द्यावेत आणि कपडा कपडा म्हणून घ्यावा. हिमबिबट्याच्या झग्याच्या वर्णनात तो प्राणी अजूनही ‘संकटग्रस्त’ म्हटला आहे, तेही दुरुस्त व्हायला हवे. २०१७ मध्ये तांबड्या यादीत त्याची श्रेणी बदलून ‘असुरक्षित’ झाली. त्या बदलाला काही अभ्यासकांचा विरोध होता, त्यामुळे वाद आहे असे लिहिले असते तर मी मान्य केले असते, पण बदल झालाच नाही असे मानून चालता येत नाही.

घेणाऱ्यासाठी माझे मत असे: पँट निःसंकोच घ्यावी, टी-शर्ट पाठीवरची पट्टी तिरकी झालेली चालणार असेल तर घ्यावा, शॉर्ट्स घेऊ नये. शॉर्ट्सबद्दल मी कंपनीला जग्वार आणि बिबट्या यांची छायाचित्रे शेजारी ठेवून कळवले आहे, आणि पुढच्या छपाईत नक्षी बदलू असे उत्तर आले आहे. छपाईची पद्धतही बदलणार का, याचा उल्लेख त्यात नाही. हेन्ली मी आणखी एक मागवला आहे, एक माप मोठा.